वाट कुणाची, हे चढ सांगतो : बालाघाट आणि माहूरच्या डोंगरवाटा

लातूर-नांदेडकडे डोंगर आहेत असे सांगितले की पुण्या-मुंबईचे मित्र हसतात. मराठवाडा म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर काळी जमीन, कोरडी नदी आणि टँकर येतो. सह्याद्रीचे सुळके पाहिलेल्या माणसाला आमचा बालाघाट टेकाडासारखा वाटणार, हे मला मान्य आहे. नगर-बीडकडून आग्नेयेला उतरत ही रांग लातूर जिल्ह्यातून बीदरकडे जाते. वर पसरट पठार, कडेला तुटलेल्या सोंडा, मध्ये नाले. तिकडे नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठी, माहूर-किनवटचे डोंगर आहेत. तिथे मात्र साग, धावडा, मोह आणि तेंदूचे खरे जंगल आहे. दोन्हीकडची उंची बेताचीच. पण या बेताच्या उंचीमुळेच इथे माणसाचा वावर हजार-दीड हजार वर्षे अखंड राहिला आणि वाटांचे जाळे तयार झाले.

गेल्या काही वर्षांत या वाटांवर मी सायकल घालतो आहे. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, ज्याला पोरे एमटीबी म्हणतात ती सायकल. आमच्याकडे ती बहुतेक डांबरी रस्त्यावरच फिरते. पहाटे उठून हायवेवर चाळीस-पन्नास किलोमीटर मारायचे आणि नाश्त्याला परत यायचे. मला त्यात फारसा रस नाही. इतिहास वाचणाऱ्या माणसाला डोंगराची वाट जास्त काही देते. पुस्तकात लढाईची तारीख मिळते, किल्लेदाराचे नाव मिळते. पण त्या मुलखातून रोज कोण जात होते, काय घेऊन जात होते, कुणाला घाई होती आणि कुणाला नव्हती, याचा पुरावा जमिनीवर असतो. तो मांड्यांना आणि ब्रेकवरच्या बोटांना लवकर कळतो.

दुसऱ्यांच्या वाटांवर जन्मलेला खेळ

डोंगरातल्या सायकलचा इतिहास फार जुना नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट टमाल्पाइस या डोंगरावर काही तरुण भंगारातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन उताराला लागले. २१ ऑक्टोबर १९७६ला त्यांनी त्याच परिसरात पहिली शर्यत लावली. तिचे नाव ‘रिपॅक’. कारण उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतले ग्रीस जळून जायचे आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागायचे. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ ही त्यातली नावे. वीस वर्षांत हा खेळ १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये गेला.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या तरुणांनी स्वतः वाट खोदली नव्हती. ते ज्यावरून उतरले, तो वणवा विझवायला जाण्यासाठी केलेला कच्चा रस्ता होता. म्हणजे हा खेळच दुसऱ्यांनी दुसऱ्या कामासाठी केलेल्या वाटेवर उभा राहिला. आमच्याकडेही तेच. लातूर-नांदेडच्या डोंगरांत सायकलसाठी आखलेली, पाट्या लावलेली वाट मला अजून भेटलेली नाही. जी वाट मिळते ती कुणीतरी बैलासाठी, देवासाठी, पाण्यासाठी, लाकडासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी केलेली असते.

बैलाचा चढ, भाविकाचा चढ

ओझे लादलेला बैल उभ्या चढावर जात नाही. म्हणून बैलाची वाट डोंगराच्या अंगाने तिरकी, लांब वळणे घेत चढते आणि ठरावीक अंतरावर पाण्याजवळ येते. रेल्वे येण्याआधी दख्खनचे धान्य, मीठ आणि कापूस अशाच वाटांनी फिरत होता. तो फिरवणारे बंजारा, म्हणजे लमाण. हजारो बैलांचे त्यांचे तांडे मोगल फौजांना दाणागोटा पुरवायचे. औरंगजेबाची दख्खन मोहीम पंचवीस वर्षे चालली ती तोफांच्या जितकी, तितकीच या बैलांच्या पाठीवर. पुढे रेल्वे आली, लदेणीचा धंदा बसला आणि तांडे जिथे थांबले तिथे वस्त्या झाल्या. आज माहूर, किनवट आणि शेजारच्या पुसदकडे एका मागून एक तांडे लागतात. दोन तांड्यांमधली जुनी वाट सायकलला फार सोसते. मधल्या गिअरवर, न उतरता, बोलत बोलत चढता येते. बैलाच्या दमाला जे जमले ते माझ्याही दमाला जमते.

भाविकाची वाट याच्या उलट. नवस बोललेला माणूस सरळ वर बघतो आणि सरळ चढतो. पुढे कुणीतरी तिथे पायऱ्या बांधून देतो. अशा वाटेवर सायकल खांद्यावर घ्यावी लागते. किल्ल्याची वाट तिसऱ्या प्रकारची. ती मुद्दाम अवघड केलेली असते. शेवटच्या टप्प्यात अचानक वळते आणि वरच्या बुरुजाच्या माऱ्यात येते, म्हणजे धावत आलेल्या शत्रूचा वेग तिथेच मोडावा. ढोरवाट कुणी आखत नाही; ती पाण्याकडे जाते आणि अनेक फाट्यांत फुटते. वनखात्याच्या जाळरेषा मात्र रुंद आणि पट्टीने आखल्यासारख्या. चढ कितीही असो, त्या तशाच जातात. नकाशा हातात नसला तरी पायडलवरचा जोर बघून वाट कुणाची, याचा अंदाज बांधता येतो.

लढायाही या चढाच्या हिशेबाने झाल्या. ३ फेब्रुवारी १७६०ची उदगीरची लढाई शाळेत आपण एका ओळीत शिकलो. सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि साठ लाखांच्या आसपासचा मुलूख मिळवला. प्रत्यक्षात निजामाची फौज उदगीरकडून औशाच्या दिशेने सरकत होती आणि मराठे तिला चालता चालता घेरत होते. तोफखाना आणि सामानसुमान घेऊन चाललेल्या फौजेला गाडवाट सोडता येत नाही. हलक्या घोडदळाला ती अडचण नसते. मराठ्यांच्या तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी होता. तो आधी निजामाच्याच नोकरीत होता. वर्षभरात पानिपतावर भाऊंबरोबर तो लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. उदगीर-औसा पट्ट्यातल्या जुन्या गाडवाटेवरून जाताना मला हा माणूस आठवतो. आमच्या भागात ही लढाई हिंदू-मुसलमानांची म्हणून सांगणाऱ्यांना त्याचे काय करायचे ते कळत नाही, म्हणून बहुतेक जण त्याला गाळतात.

हत्तीबेट आणि १९४८

उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. सपाट माळावर एकटीच उठलेली टेकडी, कोरलेली लेणी, वर गंगाराम महाराजांची समाधी. पावसाळ्यानंतर ही टेकडी हिरवी होते आणि लोक सहलीला येतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामात इथे किसान दलाचे ठाणे होते. रझाकारांशी लढणारे शेतकरी या टेकडीच्या आसऱ्याने राहिले. जागा का निवडली ते वर गेल्यावर लगेच कळते. चारही बाजूंचा माळ दिसतो, येणारा कुठूनही येवो. आणि वर येणाऱ्या वाटा अरुंद, ठेचकाळणाऱ्या. ज्याला त्या ओळखीच्या, त्याचीच ती टेकडी.

मुसलमान लेखकाने हत्तीबेटाबद्दल लिहायचे म्हणजे काहींना अवघड प्रसंग वाटतो. मला वाटत नाही. रझाकारांनी या मुलखातल्या गावांवर केलेले अत्याचार खरे आहेत. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरमध्येच वकिली करत होता, हेही खरे आहे. त्याच्या विरोधात मुसलमान नव्हते, हे मात्र खरे नाही. ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्लाखान भारतात विलीन होण्याची बाजू उर्दूत मांडत होता, ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्याला ठार करण्यात आले. हत्तीबेटावर लढणारे ज्या सत्तेशी लढत होते, त्याच सत्तेने शोएबुल्लाचा जीव घेऊ दिला. म्हणून ती टेकडी मी परकी मानत नाही.

पण वाटांचा इतिहास लिहायचा तर तो १७ सप्टेंबरला थांबवता येत नाही. पोलीस ॲक्शननंतर काय झाले ते पाहायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८मध्ये ते संस्थानभर फिरले. त्यांच्या अहवालाचा अंदाज असा की २७ ते ४० हजार माणसे मारली गेली आणि सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि उदगीर बीदरमध्ये. म्हणजे आज आपण ज्याला लातूर-नांदेड म्हणतो, तोच हा पट्टा. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही.

आमच्याकडच्या जुन्या माणसांनी त्या दिवसांबद्दल जे थोडेफार सांगितले, त्यात रस्ते नसतात. उभी ज्वारी, नाल्याचे पात्र, डोंगराची कपार आणि रात्रीची ढोरवाट असते. उन्हाळ्यात रझाकारांना चुकवणारी माणसे ज्या वाटांनी गेली, सप्टेंबरात दुसरी माणसे त्याच प्रकारच्या वाटांनी पळाली. या वाटा दाखवणारेही असायचेच. सुंदरलाल समितीनेच नोंदवले आहे की अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवले; एका धंद्यातल्या लोकांत, जसे विणकरांत, हा आपलेपणा जास्त दिसला. हत्तीबेटावर मुक्तिसंग्रामाची आठवण ठेवली जाते आणि ती ठेवलीच पाहिजे. सप्टेंबरनंतरच्या पळवाटांची आठवण ठेवणारी पाटी मात्र मी या पट्ट्यात कुठेही पाहिलेली नाही.

माहूर : एका डोंगरावर किती जणांच्या वाटा

बालाघाटाच्या पठारावरून उतरून, नांदेड ओलांडून उत्तरेला गेले की माती, झाडे आणि बोली सगळेच बदलते. किनवट-माहूरचा हा भाग गोंड, कोलाम आणि आंध लोकांचा. माहूरचा किल्ला मुळात गोंडांचा म्हणूनच ओळखला जातो. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो बहमनींकडे आला. पुढे वजीर महमूद गवानने राज्याच्या चार तरफांच्या आठ केल्या, तेव्हा वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले आणि माहूर खुदावंदखान हबशीकडे गेले. आफ्रिकेतून आलेल्या वंशाचा माणूस गोंडांच्या डोंगरावर बसून देवीच्या आणि दत्ताच्या मुलखाचा कारभार पाहत होता. त्यानंतर इमादशाही, मग निजामशाही, मग मोगल. १६२३मध्ये बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत पळालेला शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, इथे आला. जड सामान आणि हत्ती माहूरच्या किल्ल्यात उदाराम देशमुखांच्या हवाली करून तो हलका होऊन गोवळकोंड्याकडे निघाला. पुढची वाट जंगलाची होती आणि पाठीवर मोगल फौज होती.

याच उदारामांच्या घराण्यातली रायबागन. ती स्वतः मोगलांची सरदार होती. २ फेब्रुवारी १६६१ला कारतलबखान कोकणात उतरताना उंबरखिंडीत अडकला, तेव्हा ती त्याच्याबरोबर होती. दोन्ही तोंडे शिवाजीराजांच्या मावळ्यांनी बंद केलेली, मध्ये दाट जंगलातली चिंचोळी वाट. लढू नका, शरण जा, असा सल्ला तिने दिल्याचे शिवभारतात आले आहे. खानाने तो ऐकला आणि फौजेचा जीव वाचला. कारतलबखानाला जे कळायला वेळ लागला ते माहूरच्या बाईला लगेच का कळले असेल, याचे उत्तर मला माहूरच्या नाळेत सायकल घातल्यावर मिळाले असे वाटते. जंगलातल्या अरुंद वाटेवर मागे वळायला जागा नसते. ज्याचा जन्म तिथे गेला, त्याला हे सांगावे लागत नाही.

आजच्या माहूरवर वाटा कशा आहेत ते पाहा. रेणुकामातेचे ठाणे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. जवळ दत्तशिखर, पुढे अनसूयामातेचे शिखर. महानुभावांचे देवदेवेश्वर मंदिर इथेच. सोनापीर बाबांचा दर्गा इथेच. तालुक्यात वझरा नावाचे गाव आहे, ते ओळखले जाते वझरा शेख फरीद म्हणून. तिथे जंगलात शेख फरीद बाबांचे ठिकाण आणि धबधबा आहे. पावसाळ्यात धबधबा बघायला जाणाऱ्यांत सगळ्या जातिधर्मांची पोरे असतात आणि गावाचे नाव घेताना ‘शेख फरीद’ म्हणायला कुणी अडखळत नाही. नारळी पौर्णिमेला माहूरची परिक्रमा होते. हजारो लोक जंगलातून डोंगराला वळसा घालून चालतात. वर्षातून एकदा हजारो पाय पडल्यामुळे ती वाट झाडोऱ्यात हरवत नाही. सायकलवाल्याला ती आयतीच मिळते. पण ती सायकलवाल्याने केलेली नाही, हे ध्यानात ठेवून तिथे हळू जावे, आणि परिक्रमेच्या दिवसांत जाऊच नये.

आता प्रश्न वाटा राहण्याचा

या वाटा दोन बाजूंनी जात आहेत. एक तर घाटात डांबर आले की माणूस जुनी वाट सोडतो आणि तीन-चार पावसाळ्यांत घाणेरी ती गिळते. दुसरे म्हणजे कुंपण. शेजारचा शेतकरी बांध पुढे सरकवतो आणि पांदण नांगराखाली जाते. जंगलाच्या बाजूला प्रश्न आणखी वेगळा. किनवटच्या पट्ट्यात पैनगंगा अभयारण्य आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला मात्र सूट आहे. मग तांड्यावरून तांड्यावर जाणारी शेकडो वर्षांची वाट सार्वजनिक रस्ता की नाही? कागदावर नोंद असेल तर आहे, नसेल तर नाही.

हा पेच आपल्यापुरता नाही. जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, जिथे ब्लॅक फॉरेस्टचे जंगल आणि जुने किल्ले आहेत, दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकल चालवायला कायद्याने बंदी आहे. तिथे चालणारे आणि सायकलवाले यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. खुद्द माउंट टमाल्पाइसवर, जिथे हा खेळ जन्मला, बऱ्याच अरुंद पायवाटा सायकलला बंद झाल्या. म्हणजे खेळ वाढला की वाटेवर आधीपासून असलेल्यांशी त्याचा हिशेब करावाच लागतो. आपल्याकडे तो करायचा तर कोलाम, बंजारा, गुराखी आणि भाविक यांना आधी विचारले पाहिजे. वाट त्यांची आहे, आपण पाहुणे.

आणि नोंदीचे काम आपण आजच सुरू करू शकतो. प्रत्येक गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात एक तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते साडेएकवीस फुटांचा. नकाशावर रेघ असेल आणि जमिनीवर वाट अडवली असेल, तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मराठवाड्यात याच्या मागे आणखी एक थर आहे. निजामाच्या काळातले महसुली कागद उर्दूत आहेत, काही मोडीत. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्याची वेळ आली तेव्हा ही दफ्तरे उघडली गेली आणि उर्दू वाचणाऱ्यांची अचानक गरज पडली. जात शोधायला जे कागद वाचले, तेच वाट शोधायलाही वाचता येतील. आमच्या मोहल्ल्यांत उर्दू येणारी म्हातारी माणसे अजून आहेत. नातवंडांना मोबाइलवर जीपीएस लावता येते. दोघांनी मिळून एका रविवारी एक वाट करावी. आजोबांनी कागद वाचावा, नातवाने सायकल घालावी आणि गुराख्याला विचारून त्या वाटेचे, खिंडीचे, पाणवठ्याचे नाव वहीत लिहावे.

मी सध्या उदगीर आणि माहूर तालुक्यांतल्या अशा नावांची वही करतो आहे. तुमच्या गावच्या डोंगरवाटेला काही नाव असेल, आणि ते कुणामुळे पडले हे घरात कुणाला आठवत असेल, तर लिहून ठेवा. सांगणारे आहेत तोवरच हे होईल.